सगळ्यांना सारखी जागा

हे लिहायला बसलो आहे खरा, पण लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. माझी प्राथमिक शाळा मराठीतून झाली, घरात आम्ही बोलतो ती गोव्यातल्या पेडण्याकडची कोंकणी, आणि जे काम मी शिकलो त्याचे सगळे शब्द इंग्रजी. त्यामुळे एकेक वाक्य लिहिताना मी अडखळतो. शिवाय विषय असा की तो कुणाला सांगावा हेही कळत नाही. एका कॉलेजच्या सर्व्हरवरची जागा आम्ही कशी वाटली, एवढंच. पण त्या वर्षी अंगात जो थकवा शिरला तो अजून पुरता गेलेला नाही, आणि तो कुठून आला हे सांगायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

माझे बाबा डिचोलीकडच्या एका खाणीवर ट्रक चालवायचे. आमचं घर कोरगावला. रोज ये-जा परवडणारी नव्हती, म्हणून बाबा आठवडाभर खाणीजवळ राहायचे आणि मी डिचोलीच्या कॉलेजसाठी सर्वणला मावशीकडे. मी शेवटच्या वर्षाला गेलो आणि त्याच सुमाराला खाणी बंद झाल्या. ट्रक मालकाच्या आवारात उभे राहिले. आधी लोक म्हणत होते, पावसाळ्यानंतर सुरू होणार. मग म्हणाले, निवडणुकीनंतर. पुढे त्या ट्रकांच्या चाकांमधून गवत वर आलं आणि लोकांनी बोलणं सोडलं. बाबा कोरगावला परतले, काजूच्या डोंगरावर काम करू लागले. मावशी मला काही म्हणत नव्हती, पण सकाळी पाववाला पोदेर यायचा तेव्हा ती उंडे पाव मोजून घेताना मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो.

अशा दिवसांत कॉलेजला सर्व्हर आला, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवायचा मोठा कॉम्प्युटर. कुठल्याशा योजनेतून आला होता. तो लावायला कुणी नव्हतं, कारण आमचे कॉम्प्युटरचे सर नुकतेच म्हापशाला दुसऱ्या नोकरीवर गेले होते. लॅबमधल्या जुन्या मशीनवर मी लिनक्स चालवतो हे प्रिन्सिपलना कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुका हें जमतलें?"

"पळयतां, सर."

"पळयतां म्हणूं नाका. करतां म्हण."

पळयतां म्हणजे बघतो. आमचं सगळं बोलणं असं कोंकणीतच झालं. इथे मी ते बरंचसं मराठीत लिहितो आहे, क्षमा असावी.

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं की कॉलेज तपासायला बाहेरची कमिटी येणार आहे. कमिटी येऊन गेली की कॉलेज शिक्षण खात्याकडे लॅब असिस्टंटची पोस्ट मागणार. तोपर्यंत माझी परीक्षा झालेली असेल. "सर्व्हर नीट चालला तर तुझंच नाव घालतो," ते म्हणाले. "आपलाच मुलगा असताना बाहेरचा कशाला?"

मी रविवारी कोरगावला जाऊन हे सांगितलं. आईने विचारलं, "सरकारी?" मी म्हटलं, "हो, सरकारी पगार." त्यानंतर घरात ती पोस्ट जणू मला मिळालेलीच होती. मामाच्या घरी सांगून झालं, देवाला नारळ ठेवून झाला. मी त्यांना अडवलं नाही. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरच्या डिस्कचे तुकडे पाडले की तुकडा भरला म्हणजे भरला, शेजारचा रिकामा असला तरी उपयोग नाही. लिनक्समध्ये यावर एक सोय आहे. सगळ्या डिस्क आधी एकत्र करून एकच साठा करायचा. मग त्या साठ्यातून ज्याला जेवढी हवी तेवढी जागा काढून द्यायची. अशा प्रत्येक जागेला व्हॉल्यूम म्हणतात. एखाद्याचा व्हॉल्यूम भरत आला की साठ्यातून त्याला आणखी द्यायचं, मशीन बंदसुद्धा करावं लागत नाही. पथ्य एकच. सगळा साठा पहिल्याच दिवशी वाटून टाकायचा नाही. सुरुवातीला प्रत्येकाला थोडं द्यायचं आणि बरंचसं हातात राखायचं.

हे मी स्टाफरूमच्या मीटिंगमध्ये सांगायचा प्रयत्न केला. पाच जणांना जागा हवी होती. मराठी, कोंकणी, वाणिज्य, भूगर्भशास्त्र आणि ऑफिस.

"आमची मुलं सगळ्यात जास्त," वाणिज्यचे सर म्हणाले. "मुलांच्या प्रमाणात वाटा."

"म्हणजे खाणी बंद पडल्या म्हणून आमच्याकडे मुलं नाहीत, आणि मुलं नाहीत म्हणून जागाही नाही?" भूगर्भशास्त्राचे सर म्हणाले.

कोंकणीच्या मॅडम हसत हसत म्हणाल्या, "मराठीक एक जीबी चड दिलो जाल्यार हांव उठून वतां."

"अगो बाय, तू बस," मराठीचे सर म्हणाले. "मला जास्त नकोच आहे. कमी मात्र चालणार नाही."

हे दोघे एकाच डब्यातलं जेवायचे, आपसात कोंकणीतच बोलायचे. पण कागदावर आले की एक मराठी आणि एक कोंकणी. या दोन भाषांवरून आमच्याकडे एके काळी रस्ते अडले होते. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण त्याची सवय कॉलेजात अजून होती. सूचना फलकावर एक सूचना मराठीत लागली की तेवढ्याच आकाराची कोंकणीत लागायची.

प्रिन्सिपलनी हात वर केला. "सगळ्यांना सारखी जागा. विषय संपला."

मी उभा राहिलो. "सर, थोडी साठ्यात शिल्लक ठेवूया. पुढे ज्याला लागेल त्याला..."

"शिल्लक कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी हातातल्या कागदाकडे बघितलं.

"बघ. कुणाची नाही ती सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे रोज भांडण. सगळं वाटून टाक. पाच वाटे, अगदी समान."

खाली बसलो. ते चुकीचं बोलत होते असंही मला वाटलं नाही. आमच्याकडे जमीन, नारळ, देवळाचा मान, सगळं असंच वाटलं जातं. मधे काही ठेवलं की त्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात.

सर्व्हर ठेवला होता लॅबच्या मागच्या स्टोअरमध्ये. तिथे मोडकी स्टुलं होती आणि जनेल, म्हणजे खिडकी, बंद केलं की जीव गुदमरायचा, उघडं ठेवलं की लाल धूळ आत यायची. लेक्चर संपली की मी तिथे जायचो. डिस्कची नोंद केली, त्यांचा एक साठा केला, त्यातून पाच समान व्हॉल्यूम काढले. साठ्यात शिल्लक शून्य. प्रत्येक व्हॉल्यूमवर फाइल-सिस्टीम घातली, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी. मी जी घातली ती मोठ्या फाइलींना चांगली असं सगळीकडे म्हटलेलं. ती वाढवता येते, लहान करता येत नाही, हेही म्हटलेलं होतं. लहान करायची वेळ कुणावर येईल असं तेव्हा वाटलं नाही.

लिहायला हे चार ओळींत झालं. करायला पुष्कळ दिवस गेले. वीज जायची आणि यूपीएस ओरडायचा. मशीन पुन्हा सुरू झालं की व्हॉल्यूम जागेवर यायचे नाहीत, कारण एका ओळीत मी एक अक्षर चुकवलेलं असायचं. मग काळ्या पडद्यासमोर बसून ते अक्षर शोधायचं. संध्याकाळी सर्वणच्या रस्त्याने परतताना कुणी हाक मारली तरी मला ऐकू यायची नाही. मावशी म्हणायची, "तू बसून काम करतोस ना रे? मग दगड फोडून आल्यासारखा का दिसतोस?"

कोरगावला गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, "काय केलंस इतके दिवस?"

मी वाटे सांगितले. ते ऐकून म्हणाले, "आमच्या डोंगरासारखं." बाबा आणि त्यांचे दोन भाऊ, तिघांनी काजूचा डोंगर दोरी टाकून सारखा वाटला होता. बाबांच्या वाट्याला वरचा खडक आला. तिथे झाडं जगत नाहीत. धाकट्या काकांच्या वाट्याला इतका काजू येतो की वेचायला माणसं मिळत नाहीत, बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडाखाली कुजतात.

"मग तुम्ही पुन्हा वाटून का नाही घेतला?" मी विचारलं.

"वाटणी एकदाच होते," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण ती नोकरी होणार ना?"

"होणार," मी म्हटलं.

कमिटी यायला थोडे दिवस उरले असताना कोंकणीच्या मॅडम स्टोअरच्या दारात आल्या. त्यांच्या वर्गातली मुलं मये, सर्वण आणि आजूबाजूच्या गावांत कॅमेरा घेऊन फिरत होती. खाणीवर काम केलेल्या म्हाताऱ्या बायका, जुने ड्रायव्हर, फोरमन, यांचं बोलणं ती टिपत होती. खाणीवरचे कितीतरी शब्द आता कुणी वापरणार नाही, ते राहावेत म्हणून. कमिटीला दाखवायला कॉलेजकडे त्याहून चांगलं काही नव्हतं.

"पुता, हें कितें जालें?" त्या म्हणाल्या. "काहीच चढत नाही रे. जागा नाही म्हणून सांगतंय."

मी पाहिलं. कोंकणीचा व्हॉल्यूम काठोकाठ भरला होता. बाकी चार जवळजवळ रिकामे. साठ्यात द्यायला काही नाही.

प्रिन्सिपलकडे गेलो. नवी डिस्क घेतली तर ती साठ्यात घालून जागा वाढवता येईल, असं सांगितलं. "कोटेशनं मागवायची, मग खात्याची मंजुरी," ते म्हणाले. "तोपर्यंत कमिटी जेवून घरी पोचलेली असेल. तूच काहीतरी कर. आणि लक्षात ठेव, तुझ्यासाठीच सांगतो. त्या दिवशी सर्व्हर अडला तर मी पोस्ट कुठल्या तोंडाने मागू?"

कुणाची तरी जागा काढून घ्यायला हवी होती. मी विचारायला निघालो. वाणिज्यचे सर म्हणाले, पुढच्या वर्षी लागेल म्हणून ठेवली आहे. भूगर्भशास्त्राचे सर म्हणाले, नकाशे येणार आहेत. ऑफिसमधले हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "ऑफिसची जागा म्हणजे सरकारची जागा. सरकारची जागा मागतोस? तुझी छाती मोठी आहे रे."

शेवटी मराठीचे सर. ते विभागात एकटेच पंख्याखाली बसले होते.

"ये. वाटा मागायला आलास?"

"सगळे नको म्हणाले, सर."

"आणि मी हो म्हणेन असं कोणी सांगितलं? चौथीपर्यंत मराठीत शिकलास ना तू? आणि मराठीचीच जागा काढून कोंकणीला द्यायला निघालास. शाब्बास."

मी खाली बघत म्हटलं, "तुमच्या जागेत फारसं काही नाही, सर."

"काय आहे?"

"एक वेळापत्रक. थोड्या प्रश्नपत्रिका. स्नेहसंमेलनाचे फोटो."

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "ते मला माहीत आहे. कमिटीला माहीत नको. पहिल्या वर्षाला माझ्याकडे किती मुलं उरलीत तू बघतोस ना? कमिटीतल्या कुणी ती जागा उघडून बघितली आणि ती रिकामी निघाली, तर हा विभाग पुढे राहील? आणि त्यात तू ती आणखी लहान करायला निघालास."

मी आधी काही ठरवून गेलो नव्हतो. तेव्हाच सुचलं ते बोललो. "सर, लहान केली तर ती भरलेली दिसेल."

"म्हणजे?"

"आता पडद्यावर दिसतं की जागा दोन टक्के भरली. तेच सामान लहान जागेत ठेवलं की नव्वद टक्के भरली असं दिसेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले, आणि हसता हसता खोकला आला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. "मराठी विभाग नव्वद टक्के भरला!" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घे, घे ती जागा. सगळी घे. पण माझं वेळापत्रक सांभाळ."

मी उठलो तसे म्हणाले, "आणि तिला सांगू नकोस, मी दिली म्हणून. मग मला रोज चिडवील."

"कुठली म्हणून सांगू?"

"साठ्यात होती म्हण." मग एकदम वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुझं नाव घालणार आहेत ना ते पोस्टसाठी?"

"घालतो म्हणालेत."

"घालतो म्हणालेत," ते म्हणाले आणि मान हलवली.

लहान करता येत नसल्यामुळे मराठीचा व्हॉल्यूम पुरता काढून टाकावा लागणार होता. आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवलं. वेळापत्रक उघडून पाहिलं, फोटो उघडून पाहिले. मग व्हॉल्यूम पुसायची आज्ञा दिली. मशीनने विचारलं, नक्की का? त्या प्रश्नासमोर मी बराच वेळ बसून राहिलो. सामान सुरक्षित आहे हे माहीत असूनही बोट उचलेना. शेवटी हो म्हटलं. मराठीसाठी नवा छोटा व्हॉल्यूम केला, सामान परत आणलं, आणि मोकळी झालेली सगळी जागा कोंकणीला जोडली.

पाहिलं तर कोंकणीची जागा तेवढीच. काहीच वाढलं नव्हतं. थोड्या वेळाने ध्यानात आलं की व्हॉल्यूम वाढला, पण आतल्या फाइल-सिस्टीमला ते वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं. आकडा बदलला. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलो आणि घरी जायला उठवेना.

मॅडमनी विचारलं, "खंयची जागा ही?"

"साठ्यात होती."

"साठ्यांत कांयच उरूंक नाशिल्लें मरे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मराठी विभागाच्या दाराकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या मेजावर जत्रेतल्या खाज्याची पुडी होती. सर खात होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

कमिटी आली. भाषणं झाली, जेवण झालं. दुपारी ते लोक स्टोअरपर्यंत आले. आदल्या दिवशी आम्ही मोडकी स्टुलं गच्चीवर नेऊन ठेवली होती. मॅडमनी एक व्हिडिओ लावला. सर्वणची एक म्हातारी डोक्यावरून माती वाहायच्या दिवसांबद्दल सांगत होती. तो न अडखळता चालला. कमिटीतल्या एका बाईंनी ते उभ्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हा सर्व्हर कोण सांभाळतं?"

प्रिन्सिपलनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचाच विद्यार्थी. पगार नाही, काही नाही. सगळं स्वतःहून करतो."

"वा," त्या म्हणाल्या आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, ती माझी पोस्टच लिहिली जाते आहे. संध्याकाळी मी घरी फोन करून तसं सांगितलंही.

परीक्षा झाली, निकाल लागला, पास झालो. सर्वणहून माझी बॅग घेऊन कोरगावला आलो. कॉलेजने पोस्ट मागितली, माझं नावही घातलं. त्यात प्रिन्सिपल शब्दाला जागले. त्यानंतर वाट बघणं. फोन केला की ते म्हणायचे, फाइल खात्यात आहे. मी आठवड्यातून एकदा डिचोलीला जाऊन सर्व्हर बघून यायचो, कारण तो बंद पडला तर पोस्टचं काय, अशी भीती. बसचं भाडं आई द्यायची. बाबांच्या ट्रकमालकाने ट्रक विकून टाकले. काजूचे दिवस आले. धाकट्या काकांनी वेचायला बोलावलं तेव्हा बाबा आणि मी दोघेही गेलो, त्यांच्या वाट्यातला काजू मजुरीने वेचायला. वाकून वाकून पाठ भरून यायची, आणि मला ते स्टोअरपेक्षा बरं वाटायचं, कारण इथे करायचं काय ते दिसत होतं.

एका सकाळी बोंडूपासून काजू पिळून काढत होतो तेव्हा फोन वाजला. मराठीचे सर. हात चिकट होते, बाबांनी फोन माझ्या कानाशी धरला.

"काय रे, काजू कसा आहे यंदा?"

"बरा आहे, सर."

"तुमच्याकडे पाऊस पडला नाही ना मधे? मोहोर गळला नाही?"

"नाही, सर."

"आई बरी?"

"बरी आहे. सर, काही कळलं का?"

बाबा फोन धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कळलं. आज ऑफिसात कळवलंय. दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये म्हणून मीच फोन केला. कमिटीने आपल्याबद्दल चांगलं लिहिलंय रे. सर्व्हरचं तर वेगळं कौतुक आहे. इथले विद्यार्थीच तो उत्तम सांभाळतात, असं लिहिलंय."

"मग, सर?"

"त्यावरच खात्याने बोट ठेवलं. विद्यार्थी सांभाळतायत, तर वेगळा माणूस कशाला, म्हणे. पोस्ट नामंजूर झाली."